पेंड, कोंडा आणि मासा : जयसिंगपूर पेठेच्या आधाराने मत्स्यखाद्याचा इतिहास

मत्स्यसंवर्धनविषयक शास्त्रीय लेखनात गेली काही दशके ‘पर्यायी प्रथिने’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. पाळलेल्या माशांच्या खाद्यात समुद्रातील मासळीची भुकटी घालण्याऐवजी सोयाबीन, भुईमूग, सरकी, रेशीमकिड्यांची कोशिते, माश्यांच्या अळ्या, मळीवर वाढविलेले किण्व असे पदार्थ वापरावेत, असा त्याचा आशय. परंतु पर्याय म्हटला की मूळ कोणते, हा प्रश्न ओघानेच उत्पन्न होतो. या शब्दप्रयोगात मासळीची भुकटी हे मूळ खाद्य आणि बाकीचे सारे तिच्या जागी बसविलेले बदली पदार्थ, असे गृहीत धरलेले आहे. युरोप-अमेरिकेतील थंड पाण्यात ट्राउट आणि सामन हे मांसभक्षक मासे पाळणाऱ्यांच्या दृष्टीने हे गृहीत बव्हंशी योग्य असेल. दख्खनच्या गोड्या पाण्यातील तळ्यांना ते लावले की इतिहासाचा क्रम उलटा होतो. येथे पेंड आधीची आणि मासळीची भुकटी मागाहून आलेली आहे. शब्द परका असला म्हणून बिघडत नाही. पण परक्या शब्दाबरोबर परका इतिहासही नकळत स्वीकारला गेला, तर कोणता पदार्थ कोणाच्या तोंडचा घास आहे हे ओळखण्यात चूक होते.

हा क्रम तपासावयाचा तर तळ्याच्या काठावरून आरंभ न करता पेठेतून करणे अधिक सोयीचे आहे; आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर हे गाव उपयोगी पडते. जयसिंगपूर माशांबद्दल प्रसिद्ध नाही. ते शेंगांचे आणि तंबाखूचे गाव. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू छत्रपतींनी त्या मार्गावर ही नवी पेठ वसविली. तिला त्यांनी आपले जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांचे नाव दिले. त्यापूर्वी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापुरात शाहूपुरी वसविण्यात आली होती; त्याच धोरणाचा हा पुढचा टप्पा होय. गाव आखून वसविलेले असल्यामुळे त्याच्या गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना देवदेवतांची किंवा जातींची नावे नसून क्रमांकांची नावे आहेत, हे विशेष. कृष्णा आणि पंचगंगा यांचा नृसिंहवाडीचा संगम येथून जवळच आहे, आणि कानडी मुलूखही जवळच. दोन नद्यांच्या काठचा भुईमूग या पेठेत येई. त्याचे तेल काढण्याच्या गिरण्याही येथे उभ्या राहिल्या.

शेंग गिरणीत गेली की तिचे तीन भाग होतात. टरफल जळणाला जाते, तेल माणसाकडे जाते आणि उरते ती पेंड. या उरलेल्या तिसऱ्या भागाचाच हा इतिहास आहे. पेंड हा तेलाच्या धंद्याचा उपपदार्थ खरा; पण शेंगदाण्यातील प्रथिन जवळजवळ सर्व तिच्यातच राहते. टरफल काढून गाळलेल्या दाण्याच्या पेंडीत प्रथिनाचे प्रमाण शेकडा ४० ते ४५ असते. तेल किती राहते हे मात्र गाळण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. बैलाच्या लाकडी घाण्यातील पेंडीत तेल शेकडा १० ते १२ पर्यंत राही, यंत्राच्या दाबगिरणीतील पेंडीत ६ ते ८, आणि द्रावकाने तेल शोषून घेणाऱ्या आधुनिक कारखान्यांतील पेंडीत जेमतेम १. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर झवेरभाई पटेल यांनी सुधारलेल्या घाण्याचे प्रयोग केले, त्या चळवळीत घाण्याच्या पेंडीची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा हाच होता की, ती जनावराला अधिक कसदार पडते. जनावरापुरता तो मुद्दा खरा होता. साठवणीच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू अशी की, तेल जितके अधिक तितकी पेंड लवकर खवट होते.

पेंड हा शब्दही थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘पिंड’ या शब्दापासून तो आला, ही व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. जोडाक्षरापूर्वीच्या इकाराचा प्राकृतात एकार होतो आणि वररुचीने आपल्या प्राकृत व्याकरणात हा नियम ‘पिंड’ हाच शब्द पुढे ठेवून सांगितला आहे. गवताची पेंडी, पेंडखजूर हे शब्द ‘गोळा, गठ्ठा’ हाच अर्थ दाखवितात. पण जयसिंगपूरच्या बाजारात बसून हा विचार केला, तर दुसरा एक शब्द कानावर पडल्यावाचून राहत नाही. कानडीत पेंडीला ‘हिंडी’ म्हणतात आणि ‘हिंडु’ म्हणजे पिळणे. जुन्या कानडीतील पकाराचा पुढे हकार झाला, म्हणून या शब्दाचे मूळ रूप ‘पिंडी’ असे ठरते. तेलुगूत ‘पिंडी’ म्हणजे पीठ. तमिळमध्ये पेंडीला ‘पिण्णाक्कु’ म्हणतात. आणि संस्कृतातील पेंडवाचक ‘पिण्याक’ शब्दाचा या द्राविड कुळाशी संबंध असावा, असे मत मांडले गेले आहे. तेव्हा पेंड म्हणजे ‘गोळा’ की ‘पिळून उरलेला चोथा’? स्वरविचाराने पाहता मराठी शब्द पिंडापासून आला हेच अधिक ग्राह्य वाटते. मात्र जेथे एकाच दुकानात दोन्ही भाषा चालतात, तेथे एका अर्थाची छाया दुसऱ्यावर पडली नसेल असे खात्रीने म्हणवत नाही. विदर्भात याच वस्तूला ‘ढेप’ म्हणतात. तेथे तर गोळ्याचाच अर्थ उघड आहे.

पेंडीचा जोडीदार कोंडा. हा शब्द संस्कृत व पाली ‘कुंडक’ यापासून आलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बैलांचा शिधा सांगताना ‘घाणपिण्याक’ आणि ‘कणकुंडक’ हे दोन पदार्थ एकत्र आले आहेत. म्हणजे घाण्याची पेंड आणि कण्या-कोंडा. माणसाने सत्त्व काढून घेतल्यावर जे उरते ते पाळीव जिवाला, ही व्यवस्था इतकी जुनी आहे. मराठीने तिच्यावर दोन वाक्प्रचार रचले. काटकसरीने राहणारी गृहिणी कोंड्याचा मांडा करते. आणि काम अडले की घोडे पेंड खाते. मत्स्यखाद्याच्या इतिहासात या दोहोंचा प्रत्यय येतो.

माशाला खाऊ घालण्याचा दख्खनमधील जुना उल्लेख ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ मराठी भाषेच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने परिचित आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा सुमारे ११२९ मधील संस्कृत ग्रंथ त्यातील मराठी रचनेमुळे भाषेच्या इतिहासात नेहमी उल्लेखिला जातो. ती रचना दशावताराची असून तीत मत्स्यावतार येतो, हा योगायोग मनोरंजक आहे. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात सुमारे पस्तीस जातींच्या माशांची वर्णने, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अर्थात हे मत्स्यसंवर्धन नव्हे. राजाच्या गळाला मासा लागावा म्हणून त्याला माणसाळविण्याचा हा खटाटोप. तरीही निरनिराळ्या जातींच्या माशांची आवड निरनिराळी असते आणि तिला अनुसरून खाद्य द्यावे लागते, ही जाण त्यात स्पष्ट आहे. मोठ्या प्रमाणावरील तळ्यातील मत्स्यपालनाची अखंड परंपरा मात्र दख्खनची नव्हे. ती बंगालची होय. तेथे भाताचा कोंडा आणि मोहरीची पेंड समभाग मिसळून तळ्यात टाकीत.

ही बंगाली रीत महाराष्ट्रात आली ती बंगाली माशांबरोबर. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांत स्वतःचे मासे पुष्कळ होते. कर्नल साइक्स याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा कित्येक जातींना लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली; खुद्री, कोळस, मळ्या, टाकरी ही नावे रोमन लिपीच्या पेहरावात आजही जगभर चालू आहेत. मात्र तळ्यात सोडावयास निवडले गेले ते कटला, रोहू आणि मृगळ. कारण हे तिघे एकाच तळ्यात पाण्याच्या तीन वेगवेगळ्या थरांत चरतात आणि भराभर वाढतात. त्यांचे बीज पूर्वी पावसाळ्यात नद्यांतून गोळा करून रेल्वेने दूरदूर पाठवीत. बराकपूर येथे १९४७ मध्ये अंतर्देशीय मत्स्यसंशोधनाची मध्यवर्ती संस्था निघाली, तिची तळ्यातील संवर्धनाची शाखा १९४९ मध्ये कटकला सुरू झाली, आणि १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. बीजाचे नदीवरील परावलंबन तेथून संपू लागले. मराठीत या बीजाच्या अवस्थांना नावेही सुरेख पडली. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना ‘मत्स्यजिरे’ आणि बोटाएवढ्या झालेल्यांना ‘बोटुकली’. ही नावे कोणा परिभाषा-मंडळाने बैठकीत घडविली असतील असे वाटत नाही. त्यांना हाताळणाऱ्याच्या बोटांचा वास आहे.

बीज आले तसे खाद्यही आले. फक्त मोहरीच्या जागी भुईमूग बसला. सरकारी मत्स्यखात्यांच्या शिफारशीत पेंड आणि कोंडा समभाग हे सूत्र कायम होऊन बसले. जिऱ्यांना पहिले पाच दिवस त्यांच्या आरंभीच्या वजनाच्या चौपट आणि पुढे आठपट बारीक दळलेले मिश्रण रोज द्यावे, असे कोष्टक मत्स्यबीज केंद्रांतून पाठ झालेले असते. या सूत्रामागे प्रयोगशाळेचे मोठे गणित नव्हते. परंतु गणित करून पाहिले तर ते चुकत नाही. कोंड्यात प्रथिन शेकडा १२-१३ आणि पेंडीत ४२ च्या आसपास धरले, तर समभाग मिश्रणात ते २७-२८ येते. वाढत्या कार्प माशाची गरज जवळजवळ तेवढीच आहे. बंगालच्या तळेवाल्याने अनुभवाने जे प्रमाण धरले, ते पोषणशास्त्राने मागाहून मान्य केले.

तथापि केवळ शेकडेवारीने भागत नाही. प्रथिन म्हणजे अनेक अमिनो आम्लांची गुंफण, आणि भुईमुगाच्या पेंडीत लायसिन व मिथिओनिन ही दोन उणी आहेत. शिवाय वनस्पतिजन्य पदार्थांतील फॉस्फरसचा मोठा भाग फायटिक आम्लात अडकलेला असतो आणि तो सोडविणारे पाचक द्रव्य माशाजवळ नाही. कार्प कुळातील माशांना खरे जठरही नसते. मग पेंड-कोंड्यावर मासा वाढतो कसा? याचे उत्तर पेंडीत नसून तळ्यात आहे. शेण घातलेल्या तळ्यात सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म जीव यांचे, म्हणजे प्लवकांचे, अमाप पीक येते. हे प्लवक प्रथिनाने समृद्ध असून पेंडीतील उणीव तेच भरून काढते. माशाच्या तोंडून निसटून तळाशी बसलेली पेंड कुजते आणि तिचे खत होऊन पुन्हा प्लवकच वाढते. यास्तव जुन्या पद्धतीत पेंड ही खाद्य किती आणि खत किती, हे सांगणे कठीण. उसाचा मळेकरीही हीच पेंड, तसेच एरंडीची व करंजाची पेंड, खत म्हणूनच वापरीत आला आहे. त्याच्या आणि तळेवाल्याच्या वापरात वाटते तेवढे अंतर नाही.

येथेच मासळीच्या भुकटीचा प्रवेश केव्हा झाला हेही उलगडते. तळ्यातील माशांची दाटी वाढली, किंवा धरणाच्या जलाशयात पिंजरे टाकून त्यांत मासे कोंडले, म्हणजे प्रत्येक माशाच्या वाट्याचे प्लवक संपते. आता खाद्यच परिपूर्ण असावे लागते. तळे जोवर तळे होते तोवर पेंड पुरे पडली; तळ्याचा गोठा झाला तेव्हा भुकटी लागली. परदेशातही ट्राउटचे मूळ पाळीव खाद्य भुकटी नव्हतेच. अमेरिकेतील ट्राउट-केंद्रे १९५० च्या दशकापर्यंत कत्तलखान्यांतील यकृत आणि घोड्याचे मांस यांवर चालत. म्हणजे तेथेही दुसऱ्या धंद्याचा उरलासुरला भागच. कोरड्या गोळी-खाद्याची चाल त्यानंतर पडली, आणि तिला स्वस्त भुकटी पुरविली ती मुख्यतः पेरूच्या किनाऱ्यावरील अँचोव्हेटा माशाने. १९७० साली तेथे सुमारे सव्वा कोटी टन मासळी पकडली गेली. १९७२ मध्ये एल निनोमुळे समुद्र तापला, आधीच अतिमासेमारी झालेली होती, आणि १९७३ पर्यंत उत्पादन वीस लाख टनांच्या आसपास कोसळले. पशुखाद्यवाले सोयाबीनकडे धावले, भाव इतके चढले की जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. पर्यायांची भाषा जोराने सुरू झाली ती या धक्क्यानंतर. पेरूच्या समुद्रातील उष्म्याचा आणि शेंगेच्या गल्लीचा संबंध जोडणारा दुवा तो हाच. कोकण किनाऱ्यावरही तारलीसारखी लहान मासळी भुकटीच्या कारखान्यांकडे वळू लागली, आणि जी ताजी किंवा सुकी मासळी घाटावरच्या गरिबाला परवडत असे तिला दुसरा गिऱ्हाईक मिळाला.

इतके सगळे असता भुईमुगाच्या पेंडीने ही जागा कायमची का पटकावली नाही? घोडे पेंड खाते ते येथे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडला. पेंडीवर वाढलेल्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने विष निर्माण केले होते. बुरशीच्या नावाचे आद्याक्षर, तिच्या विशेषणाची पहिली अक्षरे आणि ‘टॉक्सिन’ हे शेपूट जोडून ‘अफ्लाटॉक्सिन’ हा शब्द घडला. भाषेच्या दृष्टीने तो ओबडधोबड आहे, पण जगभर चालला. त्याच वर्षी अमेरिकेतील ट्राउट-केंद्रांत माशांच्या यकृतांत गाठी आढळल्या; तेथे अपराधी ठरली सरकीची पेंड, आणि विष तेच. म्हणजे हे विष प्रकाशात आणणाऱ्यांत पाळीव मासा अगदी आरंभीचा साक्षीदार आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. आपली कार्प जातीची मासळी ट्राउटइतकी संवेदनशील नाही, हे खरे. पण तेवढ्यावर निश्चिंत राहणे शहाणपणाचे नाही.

हे विष पेंडीत जमते कसे, हे पेठेत पाहिले म्हणजे ध्यानात येते. पीक हाती येण्याच्या वेळी ताण पडला, किंवा काढणीला परतीच्या पावसाने गाठले, तर शेंगेत बुरशी शिरते. पुढे दाण्यांची निवड होते. भरलेले, सारखे दाणे खाण्यासाठी व निर्यातीसाठी बाजूला काढले जातात. सुरकुतलेले, फुटके, डागी दाणे गिरणीत जातात. बुरशी याच दाण्यांत अधिक असते. गाळताना विषाचा बहुतांश भाग तेलात न उतरता पेंडीत राहतो. म्हणजे माणसाच्या ताटासाठी केलेली प्रत्येक निवड पेंडीतील दोष वाढवीत जाते. त्यातही दमट कोठारात पडून बुरसलेली पेंड स्वस्तात मिळते, आणि पाण्याखालचे जनावर तक्रार करीत नाही म्हणून ती तळ्यात टाकण्याचा मोह होतो. म्हैस आटली की मालकाला त्याच दिवशी कळते. मासा आतून खंगला तर जाळे ओढेपर्यंत कळत नाही. युरोपीय देशांनी पेंडीतील विषांशावर कडक मर्यादा घातल्या, आणि भारतीय पेंडीच्या निर्यातीला अडसर उभा राहिला. दोष पेंडीचा नव्हे. वाळवण्याचा, निवडण्याचा आणि साठवण्याचा आहे. तो घरच्या ताटाला लावलेला निकष कोठाराला न लावल्याचा आहे.

विषाचा विषय निघाला आहे, तर मोहाच्या पेंडीचा उल्लेख अवश्य करावयास हवा. भुईमुगाची पेंड तळ्यातील माशाला पोसते. मोहाची पेंड त्याला मारते. तिच्यातील सॅपोनिन द्रव्य माशांच्या रक्तपेशी फोडते. म्हणून बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे काढून टाकण्यासाठी एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली असलेल्या पाण्यात दोन ते अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव ओसरतो आणि तिचेच खत होते. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वस्तूंचे गुण इतके परस्परविरुद्ध असावेत, याचे दुसरे उदाहरण शेतीच्या शब्दसंग्रहात क्वचितच सापडेल.

पेंडीवर हक्क सांगणारे आणखीही पुष्कळ निघाले. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधनसंस्थेने १९५० च्या दशकात शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग मिसळून माणसासाठीच ‘बहुउद्देशी अन्न’ तयार केले. देशात प्रथिनाची उपासमार असताना ते जनावराला किंवा माशाला का घालावे, हा प्रश्न त्यामागे होता. दुसरीकडे कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला आणि म्हशीच्या दावणीची मागणी वाढत गेली. नद्यांवर उपसा सिंचन योजना आल्या, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि भुईमुगाच्या रानात ऊस शिरला. जी जमीन उसाने सोडली तिच्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सोयाबीन आले. पेंड देणारे पीकच बदलले.

सोयाबीनच्या पेंडीत प्रथिन शेकडा ४४ ते ४८ असते; लायसिन भरपूर, मिथिओनिन उणे. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला रोखणारा पदार्थ असतो, तो उष्णतेने नष्ट करावा लागतो. कारखान्यात पेंड भाजली जाते ती त्यासाठी. नव्या वस्तूला मराठीने जुनेच नाव दिले. ‘सोयापेंड’ हा सामासिक शब्द वृत्तपत्रांच्या बाजारभावांत सहज रुळला. व्यापारी मात्र तिला ‘डीओसी’ म्हणतात, म्हणजे तेल काढून घेतलेली. माशाच्या दृष्टीने ही पेंड भुईमुगाहून सरस, अफ्लाटॉक्सिनचे भय कमी, आणि खाद्यकारखान्यांनी तिलाच मुख्य आधार केले. पण तिच्याबरोबर बाजाराचा एक नवा ताणही आला. २०२१ साली सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले, तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव उतरले आणि उत्पादकांत असंतोष पसरला. खाद्य स्वस्त झाले पाहिजे असे म्हणणारा मत्स्यपालक आणि सोयाबीनला भाव मिळाला पाहिजे असे म्हणणारा शेतकरी, हे पुष्कळदा एकाच गावचे, क्वचित एकाच घरचेही असतात. ‘पर्यायी प्रथिने’ या निर्विकार शब्दात या तंट्याला जागा नाही.

बाकीच्या पर्यायांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. रेशीमकिड्याची कोशिते हा खरा जुना पर्याय. चीनमधील पर्ल नदीच्या मुखाशी तुतीचे बांध आणि माशांची तळी यांची सांगड शतकानुशतके होती, आणि जपानातही कोशितांवर कार्प पोसत. शेजारच्या कर्नाटकात रेशमाचा धंदा मोठा असल्यामुळे हा माल दूरचा नाही. मात्र कोशितांतील तेल लवकर खवट होते आणि त्यांना उग्र दर्प येतो, म्हणून तेल काढूनच ती वापरणे इष्ट. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढतात. युरोपीय संघाने कीटकांचे प्रथिन मत्स्यखाद्यात वापरण्यास १ जुलै २०१७ पासून मुभा दिली. साखरेच्या मुलुखात मळीवर किण्व वाढविण्याची कल्पना अधिक मोहक आहे. जर्मनीने महायुद्धांच्या काळात ती अमलात आणली होती. शिरोळ-हातकणंगल्याकडे मात्र मळी आणि मासा यांची गाठ निराळ्याच रीतीने पडली. मळीमिश्रित सांडपाणी नदीत आले आणि पंचगंगेत, विशेषतः तेरवाड बंधाऱ्याच्या परिसरात, मेलेले मासे तरंगू लागले. अशा घटना गेल्या काही दशकांत वारंवार घडल्या आहेत. ज्या पदार्थापासून माशाचे अन्न होऊ शकते त्याच्यामुळेच त्याचा श्वास कोंडावा, याला रसायनशास्त्रापेक्षा व्यवस्थापनशास्त्राने उत्तर द्यावयास हवे.

नदीतील मासा असा कमी होत असता तळ्यातील माशाला शिरोळ तालुक्यात एक नवीच जागा मिळाली. अतिसिंचनामुळे येथील हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आहे. पांढरी फुटलेली, चोपण, पाणथळ अशा या रानांतून सच्छिद्र नळ घालून निचरा करण्याचे प्रयत्न झाले आहेत. जेथे निचरा साधत नाही तेथे शेततळे खोदून मासे सोडणे हा एक उपाय आहे, कारण कार्प जातीचे मासे थोडा खारटपणा सोसतात. ज्या उसाने पेंड खत म्हणून खाल्ली, त्याच्याच पाण्याने नासलेल्या जमिनीत पेंड पुन्हा अन्न म्हणून परत येते. अर्थात या तळ्यांना महापुराचे भय आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी तालुकाभर पसरले, आणि अशा वेळी तळ्याचा बांध नदीला अडवू शकत नाही.

आंध्रातील तळेवाले तेल काढलेला कोंडा आणि पेंड भोके पाडलेल्या पोत्यांत भरून पाण्यात टांगतात. मासे भोकांतून ओढून खातात आणि नासाडी कमी होते. साधी, स्वस्त आणि पाहण्यासारखी युक्ती आहे. पिंजऱ्यांत व दाट तळ्यांत मात्र कारखान्याचे तरंगते गोळी-खाद्य वापरतात. त्याच्या पोत्यावर प्रथिन आणि स्निग्धांश यांचे आकडे ठळक छापलेले असतात, आणि बाजारात ‘अठ्ठावीस-चार’ अशा आकड्यांनीच ते ओळखले जाते. २८ टक्क्यांतील किती सोयापेंडीतून आले, किती भुईमुगाच्या वा सरकीच्या पेंडीतून आणि किती समुद्रातून, हे त्या आकड्यांवरून समजत नाही. जयसिंगपूरच्या दुकानात म्हशीसाठी पेंड मागणारा माणूस ती हाताने मोडून, हुंगून, खवटपणा पाहून घेतो. अठ्ठावीस-चारचे पोते शिवलेल्या तोंडाने घरी येते.